मोहगावच्या बंदुकीचा दस्ता

शालिकराम सुतार गेले पाच महिने प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होता. जेवलास का? हो. झोप लागते का? हो. शुगरची गोळी घेतलीस? हो. एकदा मी चिडून विचारलं, "मेलास का बे?" तर त्यालाही हो म्हणाला आणि रस्त्याकडे पाहत बसला. जेवलेला नसायचा, झोपलेला नसायचा आणि गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं खिडकीत पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

त्याची बायको सुमन वैशाखात गेली. सकाळी अंगण झाडलं, चहा ठेवला आणि चहा उतू जाईपर्यंत ती गेलेली होती. शालिकराम रडला नाही. तिरडी बांधताना एक बांबू वाकडा निघाला, तर त्याने तो स्वतः जाऊन बदलून आणला. मुलगा हेमराज बुटीबोरीहून आला, तेरा दिवस राहिला आणि परत गेला. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! दात काढताना सुई दिली की गाल आपला वाटत नाही ना, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

मी सौंसरच्या तहसीलमधला रिटायर बाबू. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं, सगळं गाव भैय्याजी म्हणतं. शालिकराम तर भैय्याजी म्हणून वर अरेतुरे करतो, कारण आम्ही दुसरीपासून एका पट्टीवर बसलेलो. माझी जीभ तिखट आहे आणि तिचा मला आयुष्यभर अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे लागेल.

त्याचं दुकान म्हणजे बोरगावच्या रस्त्यावरची टिनाची शेड. तरुणपणी त्याने बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्या. बंड्या गेल्या तेव्हा चौकटी आणि पाट केले, आणि दरवर्षी तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडाचे नंदी. गावातल्या अर्ध्या घरांत त्याचे नंदी आहेत. यंदा पोळ्याच्या आठवडाभर आधीपासून पोरं शेडसमोर येऊन उभी राहायची आणि तशीच परत जायची. त्याने एकही नंदी केला नाही. पटाश्या, रंदे, वाकस सगळं भिंतीवर टांगलेलं आणि त्यावर धूळ. शिवाय शुगरने बोटांचे शेंडे बधिर झाले होते. लाकूड गुळगुळीत झालं की नाही हे बोटाला समजत नाही म्हणून गेली दोन-तीन वर्षं तो ते खालच्या ओठाला लावून बघायचा. सुमनवहिनी शुगरवर औषध म्हणून त्याला रोज सकाळी बिजा या जंगली झाडाच्या लाकडी ग्लासातलं पाणी पाजायची. ग्लास त्यानेच कोरलेला, ती रात्री भरून ठेवायची. ती गेल्यापासून तो ग्लास मांडणीवर उलटा पडला होता.

भाद्रपदात मोहगावचा वीरेंद्र माझ्याकडे आला. संत्र्याचे बगीचे असलेलं घर. आजोबा रघुनाथराव मागच्या वर्षी वारले आणि त्यांची जुनी रायफल नातवाच्या नावावर व्हायची होती. असल्या कामात कागद कुठे अडकतो हे मला झोपेतही सांगता येतं. रायफलीचं लोखंड नियमाप्रमाणे छिंदवाड्याच्या परवान्याच्या दुकानात जमा होतं. दुकानदाराने लाकडी दस्ता काढून वीरेंद्रच्या हातात दिला होता, कारण तो मुठीजवळ चिरला होता.

"काकाजी, हा विलायती दस्ता हाय," वीरेंद्र म्हणाला. "आजोबानं माप पाठवून बनवून आणला होता. अक्रोडाचा. इकडं कोणी नीट करून देईल काय?"

मला वाटलं, देवच पावला. शालिकरामच्या हाताला काहीतरी द्यायचंच होतं. त्या वेळी मला दुसरं काहीही आठवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आठवायला पाहिजे होतं.

दस्ता पोत्यात गुंडाळून मी शेडमध्ये नेला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. काळपट तपकिरी, जागोजागी खड्डे पडलेला, मुठीजवळ करंगळीएवढी लांब चीर. मागच्या टोकाला, जिथे तो खांद्याला टेकतो, तिथे लोखंडी पट्टी. तिचे दोन्ही स्क्रू गंजून लाकडात बसलेले.

"अक्रोडाचा हाय म्हणे. विलायती," मी म्हणालो.

शालिकरामने हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग दस्ता उलटा केला. वरच्या बाजूला नळी बसते ती लांब खाच असते, तिथे लाकूड कोरंच राहतं, रंग नाही की तेल नाही. तिथे त्याने नाक लावलं. नंतर ओठ लावला. उठून भिंतीवरची एक बारीक पटाशी काढली, तिची धूळ धोतराला पुसली आणि खाचेतून चार-पाच ढलप्या काढल्या. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात सोडल्या आणि ग्लास उन्हात ठेवला.

"काय करून राहिला?" मी विचारलं.

"बस थोडा."

चार महिन्यांत त्याने मला बस म्हटलं नव्हतं. मी बसलो. अर्ध्या तासात पाणी पिवळं झालं. त्याने ग्लास उचलून उन्हासमोर धरला, तर पिवळ्या पाण्याच्या कडेला निळी झाक दिसत होती. बिजाचं पाणी असंच होतं, हे त्याने घरात रोज सकाळी पाहिलेलं.

"अक्रोड नाही," तो म्हणाला. "बिजा हाय. वरून काळा रंग देल्ला. आपल्याकडचंच लाकूड."

मी हसलो. रघुनाथरावांनी जन्मभर ज्याच्या बढाया मारल्या तो दस्ता इथल्याच जंगलातला निघाला, याचा मला फार आनंद झाला. शालिकराम हसला नाही. तो दस्त्यावरून हात फिरवत होता. गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला होता, म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला लावणाऱ्यासाठी केलेला. रघुनाथराव डावखुरे होते, माझ्या टेबलावर डाव्या हाताने सही करायचे. लांबीही त्यांच्यासारख्या सहा फुटी माणसाच्या हाताची. खाच आतून गोल पटाशीने कोरली होती, आणि तिच्या तळाला एका बाजूने तिरप्या, सारख्या अंतराच्या रेषा होत्या.

"हा बंडीवाल्याचा हात हाय," तो म्हणाला. "चाकाचा तुंबा असा कोरतात. डावीकडून घाव, मंग उजवीकडून साफ. असा कोरणारा एकच होता."

"कोण?"

"भिवाजी. रामाकोन्याचा."

भिवाजी म्हणजे त्याचा सासरा. सुमनवहिनीचा बाप. तेव्हा कुठे मला आठवलं आणि तोंडातलं हसू तोंडातच राहिलं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा एक गोष्ट सांगायची. तिच्या बापाच्या घरी रीत होती. बंडी असो की पेटी, काम पुरं होऊन शेवटचा भाग बंद करायच्या आधी घरातल्या पोरीने आत, न दिसेल अशा जागी, शेंदराची तीन बोटं लावायची. ती सात वर्षांची असताना मोहगावच्या मोठ्या घराची बंदूक बापाकडे आली होती आणि मागच्या पट्टीखाली तिने बोटं लावली होती. सांगताना ती उजवा हात वर करायची. मधलं बोट शेंड्याशी तुटलेलं, चौथ्या की पाचव्या वर्षी बापाचा वाकस लागून. दोन बोटं लांब आणि मधलं आखूड. "याच बोटायनं," म्हणायची.

कोणाला खरं वाटणार? रामाकोन्याचा बंडी करणारा सुतार आणि बंदूक! रघुनाथराव तर चारचौघांत विलायती म्हणायचे. मीच तिला बंदूकवाली म्हणायला लागलो. आधी शेडमध्ये, मग गल्लीत, मग हेमराजच्या बारशाला भर पंगतीत. एकदा ती चिडून म्हणाली, "खोटं वाटते तर खोलून पाहा." मी मोठ्याने म्हणालो, "जा ना वहिनी, स्क्रू पाना घेऊन जा, मोहगावले बंदूक खोलून ये." पंगत हसून हसून बेजार. आणि सगळ्यात मोठ्याने शालिकराम हसला. "हिचा बाप बंड्या करत होता, हिनं त्याच्या तोफा केल्या," म्हणाला.

त्यानंतर तिने ती गोष्ट कधी सांगितली नाही. नाव मात्र राहिलं. तिने सांगणं सोडलं हे आम्हा दोघांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"पट्टी खोलाव लागते," शालिकराम म्हणाला.

मला समजलं. चाळीस वर्षं ती खोटी होती की आम्ही, ते त्या पट्टीखाली होतं. तिला विचारायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकान उघडलं. चिरेत सरस भरला आणि आडवी बांबूची बारीक खुंटी मारली, दोरीने आवळून चार दिवस ठेवली. खड्ड्यांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवायचा, वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर यायचं. फुटक्या काचेच्या धारेने वरचा काळा रंग खरवडला, तशी आतून मधासारखी पिवळसर रेघ उघडी पडली. रोज जवसाचं तेल कोमट करून तळहाताने चोळायचा. हे सगळं तो पूर्वी करायचा तितक्याच शिस्तीने करत होता, पण चेहऱ्यावर काही नाही. पट्टीच्या स्क्रूंवर मात्र सकाळ-संध्याकाळ घासलेटचे थेंब सोडायचा आणि पाना लावून एकदाच, हळू दाब देऊन बघायचा. स्क्रू हलायचे नाहीत. मी म्हटलं, ड्रिल मशीन आणू का, तर मान हलवली. जोर केला तर लाकूड फाटेल आणि लाकूड फाटलं तर आतलं जाईल, एवढं तर मलाही कळत होतं.

घट बसले त्या दिवशी वीरेंद्र मोटरसायकलवर आला. काम पाहून खूश झाला. पिशवीतून त्याने काळ्या रबराची जाड गादी काढली, ऑनलाइन मागवलेली.

"काका, हा दस्ता मले लांब पडते. मागून दीड इंच कापा आणि पट्टीच्या जागी हे रबर लावून द्या. अन् हा गालाचा उंचवटाही काढा, मी उजव्या हातानं चालवतो."

"नाही," शालिकराम म्हणाला.

मी दचकलो. पाच महिन्यांनी आलेला शब्द होता तो.

"काहून नाही?"

शालिकरामने पट्टीवर तळहात ठेवला. दस्ता मांडीवर आडवा घेऊन बसून राहिला. वीरेंद्र माझ्याकडे पाहायला लागला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याची वस्तू आणि सुतार नाही म्हणतो, हे त्याला नवीन होतं. कारण मला माहीत होतं आणि तरी माझ्या तोंडून निघालं नाही. या माझ्या जिभेतून! काय सांगणार होतो? की पट्टीखाली कदाचित एका पोरीची बोटं आहेत आणि कदाचित नाहीत? मी एवढंच म्हटलं, "नवमीपर्यंत राहू दे, मग बघू."

"नवमीले येतो," वीरेंद्र म्हणाला. "नाही जमलं तर नागपूरले एक जण हाय, मशीनवर कापून देते."

त्या नऊ दिवसांत मी रोज शेडमध्ये जाऊन बसलो. खरं सांगायचं तर दोन्हींची भीती वाटत होती. खाली काही नसलं तर हा माणूस पुन्हा हो म्हणत बसेल. आणि असलं तर? बारशाच्या पंगतीतलं माझं वाक्य मला परत घ्यायला कोणी देणार नव्हतं.

पाचव्या दिवशी वरचा स्क्रू फिरला. खालच्याची खाचच झिजलेली होती, पाना धरायला जागा नाही. शालिकरामने बारीक कानशीने दोन दिवस घासून नवी खाच पाडली. अष्टमीच्या दुपारी त्याने एक लोखंडी सळई चुलीत लाल केली आणि स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरली. जवसाच्या तेलाचा जळका वास सुटला. मग पाना लावला, आणि दोन्ही हातांनी फिरवला. करकर आवाज करत स्क्रू निघाला. पट्टी लाकडाला चिकटली होती. त्याने सुरीचं टोक घालून ती चारी बाजूंनी सैल केली आणि उचलली.

गंजाचा भुगा सांडला. त्याने फुंकर मारली. आत कोऱ्या लाकडावर तीन ठसे होते, काळपट तांबडे. लहान लहान. दोन लांब आणि मधलं आखूड.

शालिकरामने त्यावर आपलं बोट ठेवलं आणि उचललं. पुन्हा ठेवलं. बोटाला काही समजत नव्हतं त्याच्या. मग दस्ता वर उचलून त्याने खालचा ओठ त्या ठशांना लावला, आणि तसाच राहिला. मी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. संत्र्यांचा एक ट्रक गेला, शाळेतून पोरं आली. आत आलो तेव्हा तो पट्टी घासून साफ करत होता. डोळे कोरडे होते.

नवमीला वीरेंद्र आला. पट्टी अजून उघडीच ठेवली होती. शालिकरामने दस्ता त्याच्यापुढे धरला.

"हे भिवाजी सुताराचं काम हाय, रामाकोन्याचं. आन् हे बोटं माह्या बायकोचे हायेत. सात वर्षाची होती."

वीरेंद्रने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विलायती अक्रोडाचं त्याने काही काढलं नाही. मग म्हणाला, "काका, कापू नका मंग. किंवा असं करा, हा तुकडा कापून तुम्हीच ठेवून घ्या. मले तसाही लांब पडते."

मला वाटलं, सुटलो. पोराने आपण होऊन दिलं, आता हा हो म्हणेल. शालिकरामने ठशांकडे पाहिलं. त्याची इच्छा नव्हती असं नाही, तुकडा केवढा निघेल ते त्याने बोटांनी मोजूनही पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "तिनं बंदुकीले लावले. मले नाही."

त्याने पट्टी ठेवली आणि दोन्ही स्क्रू घट्ट केले. वीरेंद्रने रबराची गादी पिशवीत टाकली, दस्ता पोत्यात गुंडाळला आणि जाताना वाकून शालिकरामच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुमनवहिनीला वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे शालिकरामच्या घरी सण नाही, सोनं देणं-घेणं नाही. संध्याकाळी गल्लीत सगळे आपट्याची पानं घेऊन फिरत होते, आणि त्यात मला तो दिसला. धुतलेला सदरा, हातात एक पानही नाही. तो एकेका दारात उभा राहायचा, काहीतरी बोलायचा आणि पुढच्या दाराला जायचा. मी कान दिले.

"सुमन खरं सांगून राहिली होती," तो म्हणत होता. "मोहगावच्या बंदुकीले बोटं तिचेच होते. मी पाहिले."

काही घरांत लोकांना आठवलं, त्यांनी हातातली पानं खाली ठेवली. काही घरांत विचारलं, कोणती बंदूक? तिथे तो पहिल्यापासून सांगायचा, बिजाचं पाणी, पट्टी, स्क्रू, मधलं आखूड बोट. तरण्या सुनांना काही कळत नव्हतं. त्या म्हणायच्या, बसा ना काकाजी, पाणी घ्या. तो बसत नव्हता. बारशाच्या पंगतीला जी जी घरं होती, त्यातलं एकही त्याने सोडलं नाही. ज्या घरांतली माणसं मेली होती, तिथे त्यांच्या मुलांना सांगितलं.

माझं घर शेवटचं. मी ओट्यावर उभाच होतो. तो पायरीपाशी आला आणि थांबला. इतक्या दारांत बोलून त्याचा आवाज बसला होता.

"तुले काय सांगू?" तो म्हणाला. "तू तर पाहिलं."

"हो," मी म्हणालो.

"मंग म्हण."

मी खाली पाहत हळूच म्हणालो, "वहिनी खरं बोलत होती."

"जोरानं म्हण, भैय्याजी. तेव्हा जोरानं म्हणत होता."

आणि एवढं बोलताना त्याचा तोच खालचा ओठ थरथरायला लागला. तोंड वेडंवाकडं झालं, आणि माझ्या पायरीवर बसून तो पाच महिन्यांचं साचलेलं सगळं रडून काढायला लागला. समोरच्या घरातून लोक बाहेर आले. माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मी भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बारशाच्या पंगतीत काढला होता तेवढाच आवाज काढून म्हणालो, "सुमनवहिनी खरं बोलत होती. खोटा मी होतो."